हात जोडले की मोबाईल काढला?

नांदणीच्या जैन मठातली महादेवी, म्हणजे पंचक्रोशीची लाडकी माधुरी हत्तीण, जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली आणि शिरोळ तालुका पेटून उठला. निरोपाला अख्खा गाव लोटला. वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाच्या मोबाईल कंपनीवर बहिष्काराची मोहीम निघाली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नांदणी ते कोल्हापूर पदयात्रा झाली. या गदारोळात एक प्रस्ताव कोपऱ्यात पडून राहिला. हत्तिणीसाठी धडपडणाऱ्या ‘पेटा इंडिया’ या प्राणीहक्क संस्थेने मठाला तिच्या जागी यांत्रिक हत्ती देऊ केला होता. ‘आमची माधुरी परत द्या’ म्हणणाऱ्या गर्दीत त्याला कोण विचारतो?

कोर्टात कोणाचं बरोबर होतं, हा इथला विषय नाही. विषय आहे तो न पाहताच नाकारल्या गेलेल्या यंत्राचा. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिरात फेब्रुवारी २०२३ पासून असा हत्ती उभा आहे. उंची साडेदहा फूट, वजन सुमारे ८०० किलो. डोकं, डोळे, कान विजेवर हलतात आणि सोंड माहुताच्या हातातल्या बटणावर चालते. पुढे कर्नाटकातल्या काही मठ-मंदिरांतही असे हत्ती गेले. काटेकोर रोबोतज्ज्ञ याला रोबो म्हणताना नाक मुरडेल, कारण हा स्वतःहून काहीच ठरवत नाही. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याचं काय? त्याच्यापुढे सोंड वर होते. त्या क्षणी तो काय करतो, हा खरा प्रश्न.

आणि त्याचं उत्तर शोधायचं कसं? आपल्याकडे एकच रीत ठरलेली आहे. फॉर्म छापायचा. ‘यांत्रिक हत्ती स्वीकाराल का? होय, नाही, सांगता येत नाही.’ ऑगस्ट २०२५ मध्ये हा फॉर्म घेऊन कोणी जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं असतं, तर निकाल छपाईच्या आधीच सांगता आला असता. त्या ‘नाही’मध्ये माधुरीचा विरह असता, निकालावरचा राग असता, देणाऱ्या संस्थेबद्दलचा संशय असता. यंत्राबद्दल त्यात फारसं काही नसतं. त्याऐवजी एखाद्या पंचकल्याणक पूजेच्या मिरवणुकीत असा हत्ती खरोखर चालवावा आणि बाजूच्या कट्ट्यावर बसून नुसतं मोजावं. किती जणांनी हात जोडले आणि किती जणांनी मोबाईल काढला? पोरं किती हातांवर थबकली? कोणी केळं पुढे केलं का? आजीने नातवाला सोंडेखाली नेलं की मागे ओढलं? एवढ्यानेही फॉर्मपेक्षा जास्त कळेल. तीच मोजणी पुढच्या वर्षी त्याच गावात पुन्हा केली, तर त्याहून कितीतरी जास्त.

माणूस यंत्राबद्दल बोलतो एक आणि यंत्रासमोर करतो दुसरंच. हे अंतर मोजणारी एक विद्याशाखा जगात उभी राहिली आहे. जपानी संशोधकांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये ‘रो-मॅन’ ही परिषद सुरू झाली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मानव-रोबो संबंधांवरची स्वतंत्र वार्षिक परिषद पहिल्यांदा भरली. ‘रो-मॅन’ २०१९ मध्ये नवी दिल्लीपर्यंत येऊन गेली. कोल्हापूरला मात्र या शास्त्राचा वारा लागलेला दिसत नाही, आणि नेमकी इथेच त्याची गरज आता सुरू होते आहे. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ या एका वर्षात भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसले, आदल्या वर्षापेक्षा ५९ टक्के जास्त. बजाज ऑटोने २०१० पासून कुंपणाबाहेर, माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करणारे छोटे रोबो आणले. त्यांना कोबॉट म्हणतात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसींत ओतकामाचे कारखाने तीनशेच्या आसपास आहेत, आणि भट्टीपुढे, फेटलिंगला म्हणजे ओतीव भाग घासायच्या कामाला माणूस मिळत नाही ही तिथली रोजची तक्रार आहे. रोबो येणारच. मालकाने यंत्राची क्षमता, वॉरंटी, परतफेडीची वर्षं हे सगळं विचारून घेतलेलं असतं. शेजारी उभा राहणारा माणूस त्याच्याशी कसा वागेल, हे कोटेशनमध्ये नसतं.

आधी प्रश्नावल्यांचं बघू, कारण जगातसुद्धा सगळ्यात जास्त वापर त्यांचाच होतो. तात्सुया नोमुरा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रोबोबद्दलची नाराजी मोजणारी एक मोजपट्टी मांडली. २००९ मध्ये क्रिस्टोफ बार्टनेक आणि सहकाऱ्यांची ‘गॉडस्पीड’ प्रश्नावली आली. रोबो किती माणसासारखा वाटला, किती जिवंत, किती आवडला, किती हुशार वाटला आणि जवळ असताना किती सुरक्षित वाटलं, अशा पाच बाजूंना गुण द्यायचे. सोय मोठी आहे. अर्ध्या तासात तीस फॉर्म भरून होतात, संध्याकाळी सरासरी निघते, रात्री शोधनिबंधाचा तक्ता तयार. म्हणूनच ती लोकप्रिय आहे, आणि म्हणूनच तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये.

कोल्हापुरी माणूस रांगडा, तोंडावर बोलणारा, अशी ख्याती आहे. ती कट्ट्यावर खरी. कॉलेजची पोरं गळ्यात ओळखपत्र अडकवून फॉर्म घेऊन आली की हाच माणूस पाहुणचारावर येतो. ‘चांगलं हाय की! लिवा पाचपैकी पाच.’ पोराचा प्रोजेक्ट आहे, त्याचं नुकसान कशाला? कारखान्यात सुपरवायझर मागे उभा असला की पाचाच्या खाली गुण जातच नाहीत. हे खोटं बोलणं नव्हे, हे वागण्याचं वळण आहे. पण त्याची सरासरी काढून ‘८५ टक्के कामगारांना रोबो आवडला’ असा निष्कर्ष छापला, तर मोजला गेला तो कामगारांचा सभ्यपणा. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं होतं की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू समाजातल्या लोकांवरून, त्यातही फार करून विद्यापीठाच्या पोरांवरून काढलेले असतात. रोबोंच्या अभ्यासातही हीच खोड आहे. प्रयोगशाळा विद्यापीठात, म्हणून प्रयोगाला विद्यार्थी.

दुसरी पद्धत मोठी गमतीची आहे, आणि मराठी माणसाला ती समजावून सांगायची गरजच पडू नये. रोबो अजून तयार नाही, पण लोक त्याच्याशी कसं बोलतील हे तर पाहायचं आहे. मग काय करायचं? रोबोचं नुसतं धड उभं करायचं आणि पडद्यामागे माणूस बसवायचा. तो ऐकतो, तोच बोलतो, तोच हात हलवतो. समोरच्याला वाटतं यंत्रच बोलतंय. ओझच्या जादूगाराच्या गोष्टीत पडद्यामागे एक साधा माणूस निघतो, त्यावरून या पद्धतीला ‘विझार्ड ऑफ ओझ’ असं नाव पडलं. आपल्याकडे पाध्ये घराण्याचा बोलका बाहुला अर्धवटराव शंभरी ओलांडून बसला आहे, आणि तिथे तर पडदाही नाही. यशवंत पाध्ये आणि नंतर रामदास पाध्ये बाहुल्याशेजारी राजरोस बसलेले. आवाज कोणाचा हे सभागृहातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरीही प्रेक्षक बघतात बाहुल्याकडे, हसतात बाहुल्याला आणि उलट उत्तर देतात तेही बाहुल्यालाच. माणूस निर्जीवाशी नातं जोडायला किती उतावीळ असतो, याचा याहून जुना आणि चोख पुरावा मराठी मुलखात दुसरा नसेल.

या पद्धतीचा फायदा असा की पंचवीस लाखांचा रोबो घेण्याआधी पाच-दहा हजारांत चाचणी होते. चाकं लावलेली एक ट्रॉली, एक रिमोट, एक स्पीकर आणि खांबाआड बसलेला विद्यार्थी. पण इथे फसगतही सोपी आहे. आड बसलेला विद्यार्थी कोणत्याही रोबोपेक्षा हुशार असतो. आजरा-चंदगडकडचा हेल त्याला कळतो, अर्धवट वाक्य कळतं, पुटपुटलेली शिवी कळते. उद्या खरा रोबो आला की त्याला यातलं काही कळणार नाही आणि चाचणीतले सगळे गोड निष्कर्ष धुऊन निघतील. म्हणून पडद्यामागच्या माणसाचेही हात बांधावे लागतात. ठरलेली पंधरा-वीस वाक्यंच बोलायची. दर काही वाक्यांनंतर मुद्दाम ‘समजलं नाही’ म्हणायचं. उत्तराला खऱ्या यंत्राइतकाच उशीर लावायचा. आणि शेवटी, समोरच्याला हे सोंग होतं हे सांगून टाकायचं. हे सगळं न करता केलेला प्रयोग हा प्रयोग नसतो, गॅदरिंगमधला एक आयटम असतो.

पडद्यावरचा रोबो आणि समोरचा रोबो यांतही फरक पडतो. येल विद्यापीठातल्या एका प्रयोगात रोबोने लोकांना पुस्तकांचा गठ्ठा कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितलं. तोच रोबो व्हिडिओवरून सांगत होता तेव्हा लोक बिचकले, प्रत्यक्ष समोर होता तेव्हा अधिक जणांनी पुस्तकं टाकली. म्हणजे व्हिडिओ दाखवून मत घेणं हा स्वस्त मार्ग आहे, पण तो भलत्याच गावाला नेतो.

पहिल्या दिवसाच्या मोजमापावर तर मुळीच विसंबू नये. ताकायुकी कांदा, हिरोशी इशिगुरो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या शाखेत सगळ्यांना पाठ असतो. जपानमधल्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजी बोलणारे ‘रोबोवी’ रोबो १८ दिवस ठेवले. पहिल्या आठवड्यात पोरांची झुंबड, दुसऱ्या आठवड्यात रोबो एकटा. जी थोडी मुलं शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत राहिली, त्यांच्याच इंग्रजीत फरक दिसला. अभ्यास पहिल्या तीन दिवसांत गुंडाळला असता, तर ‘रोबो शिक्षक प्रचंड यशस्वी’ अशी बातमी झाली असती.

आपल्या बातम्या नेमक्या त्या तीन दिवसांच्याच असतात. जून २०२० मध्ये, कोरोनाच्या धास्तीत, मध्य रेल्वेच्या रेल्वे सुरक्षा दलाने पुणे स्थानकावर ‘कॅप्टन अर्जुन’ नावाचा रोबो आणला. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचं तापमान बघायचा, सूचना द्यायचा. छायाचित्रं सगळीकडे झळकली. तिसऱ्या महिन्यात प्रवासी त्याच्यापुढे थांबत होते की त्याला वळसा घालत होते, त्याच्या सूचनेवर मास्क वर सरकत होता की नाही, हे कोणी बातमीत विचारलं नाही. फीत कापली की आपला संशोधनातला रस संपतो.

सगळ्यात शिकण्यासारखा अभ्यास मात्र प्रयोगशाळेबाहेरचा आहे, आणि तो ज्याला कोल्हापुरात रोबो आणायचा आहे त्याने घोकून ठेवावा. बिल्गे मुतलू आणि जोडी फोरलिझी यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात औषधं-सामान वाहणाऱ्या रोबोचा पंधरा महिने माग काढला आणि निष्कर्ष २००८ मध्ये मांडले. प्रयोग वगैरे काही नाही. वॉर्डात बसायचं, बघायचं, परिचारिकांशी, सफाई कामगारांशी, सामान देणाऱ्यांशी बोलायचं. रोबो एकच, इमारत एकच, पगार देणारी संस्थाही एकच. तरीही बाळंतिणींच्या वॉर्डात तो लाडका झाला आणि गंभीर आजाऱ्यांच्या वॉर्डात नकोसा. तिथल्या काहींनी त्याला लाथासुद्धा घातल्या. कारण यंत्रात नव्हतं. बाळंतिणींच्या वॉर्डात कामाला थोडी उसंत होती, वातावरण हलकं होतं, बोळ मोकळे होते. दुसरीकडे परिचारिका आधीच धावत असताना हा मध्येच येऊन ‘सामान आलं आहे’ म्हणून भुणभुण लावायचा आणि बोळात वाट अडवायचा. कोणत्याही प्रश्नावलीने ही सरासरी काढली असती, तर ‘मत संमिश्र’ एवढंच हाती लागलं असतं.

आता असा रोबो सीपीआरमध्ये आणण्याचा विचार करा. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या बोळात पेशंट एक आणि त्याच्याबरोबर नातेवाईक चार. चटईवर बसलेली आजी, डबा घेऊन आलेला मेहुणा, केसपेपर हातात धरून ‘साहेब, एक्सरे कुठं काढायचा?’ विचारणारा भुदरगडचा शेतकरी. चाकांवरून एक खोकं येऊन मंजुळ आवाजात ‘कृपया बाजूला व्हा’ म्हणेल, तेव्हा कोण उठेल? आजी उठेल का? की शेजारचा कोणी त्यालाच एक्सरेची खोली विचारेल? अमेरिकेतल्या त्या अभ्यासात नातेवाइकांची गर्दी हा घटकच नाही, कारण तिथे ती नसते. म्हणून तिथला निष्कर्ष इथे आणता येत नाही. तिथली चिकाटी मात्र आणता येते. पंधरा महिने नको, तीन महिने तरी.

बाहेरचे निष्कर्ष जसेच्या तसे आणले तर काय होतं, याचं आणखी एक उदाहरण. अटलांटातल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एका इमारतीत खोटा धूर सोडला, आगीची घंटा वाजवली आणि वाट दाखवायला रोबो उभा केला. सहभागी २६ जण, आणि सगळेच्या सगळे रोबोच्या मागे गेले. यातल्या निम्म्यांनी तोच रोबो काही मिनिटांपूर्वी वाट चुकताना स्वतः पाहिला होता! निष्कर्ष निघाला की संकटात माणूस यंत्रावर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतो. पंचगंगेकाठी राहणाऱ्याला हे वाचून हसू येईल. २०१९ च्या महापुरात प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून शिरोळच्या गावांपर्यंत कितीतरी जणांनी घर सोडायला उशीर केला. सूचना होत्या, पण २००५ सालच्या पाण्याची खूण भिंतीवर होती, आणि भरवसा त्या खुणेवर होता. गोठ्यातली जनावरं सोडून निघायचं कसं, हाही प्रश्न होता. अशा गावात उद्या बोलणारं यंत्र किंवा ड्रोन ‘बाहेर पडा’ म्हणू लागला, तर अतिविश्वासाचा धोका मोठा की अविश्वासाचा? हे अटलांटात कळणार नाही. चिखलीत, पाणी नसताना, सराव करून बघावं लागेल.

ओसाकाच्या एका मॉलमधली गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी. तिथे फिरणाऱ्या रोबोला लहान मुलं घेरत, अडवत, लाथा-बुक्क्या मारत. कोणाही पालकाला विचारलं असतं तर ‘आमचं मूल असं करत नाही’ हेच उत्तर मिळालं असतं. संशोधकांनी निरीक्षणं नोंदवली तेव्हा दिसलं की मोठी माणसं जवळ नसतात तेव्हाच हा उद्योग चालतो. उपाय त्यातूनच निघाला. मुलं जमायला लागली की रोबोने मोठ्या माणसांच्या दिशेने सटकायचं. महाद्वार रोडवर या उपायाचं काय होईल हे सांगणं कठीण, कारण तिथे मोठी माणसंच आधी हात लावून बघतील.

मात्र कोल्हापूरचा खरा अभ्यास फौंड्रीत आहे. फेटलिंग शॉप म्हणजे ओतलेल्या कास्टिंगचे कंगोरे, रायझर, चिकटलेली वाळू घासून काढायची जागा. धूळ, ठिणग्या, कानठळ्या. मोठ्या कारखान्यांत हे काम रोबोकडे जाऊ लागलं आहे, आणि ते गेलंच पाहिजे, कारण ते माणसाची फुफ्फुसं आणि कान खातं. रोबोभोवती पिवळी जाळी असते, जाळीला दार असतं, दाराला इंटरलॉक. दार उघडलं की रोबो जागच्या जागी थांबतो. आता शिफ्टमध्ये कास्टिंग दर थोड्या वेळाने फिक्स्चरमध्ये तिरकं बसतं. प्रत्येक वेळी दार उघडा, मशीन थांबवा, सरळ करा, दार लावा, रीसेट करा, पुन्हा चालू करा. टार्गेट तर तासाला ठरलेलं. मग कोणीतरी इंटरलॉकच्या चावीला तार गुंडाळून ती कायमची आत बसवून टाकतो. दार उघडं, रोबो चालू, आणि ऑपरेटर कोपरापर्यंत आत. जगभरच्या कारखान्यांतली ही जुनी युक्ती आहे आणि रोबोंच्या जीवघेण्या अपघातांमागे ती अनेकदा निघाली आहे. ‘तुम्ही सुरक्षा नियम पाळता का?’ या प्रश्नाला तो ऑपरेटर काय उत्तर देणार? ‘होय साहेब.’ तार दिसायला तिथे उभं राहावं लागतं, तेही रात्रपाळीला, तेही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा डिस्पॅचची घाई असते.

इथे एक तांत्रिक बाबही सांगायला हवी. कुंपणाशिवाय चालणारा कोबॉट माणसाला लागलाच, तर तो किती जोराने लागलेला चालेल, याच्या मर्यादा आयएसओच्या २०१६ मधल्या १५०६६ क्रमांकाच्या तांत्रिक दस्तऐवजात दिलेल्या आहेत. त्या आल्या कुठून? जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात १०० निरोगी प्रौढांच्या अंगावर २९ ठिकाणी दाब देऊन, दुखायला कधी लागतं हे मोजलं गेलं, त्यावरून. काम उत्तमच आहे. पण वर्षानुवर्षं ग्राइंडर धरून ज्याच्या बोटांना मुंग्या येतात, ज्याच्या तळव्याला संवेदनाच कमी उरली आहे, त्याला दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल. कोल्हापूरच्या फेटलरचे हात त्या शंभरांत नव्हते. हे मोजायला परदेशी निधी लागत नाही, सीपीआरला जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय आणि एक कारखाना एवढं पुरतं.

शिवाय यंत्राबद्दलचं मत पुष्कळदा यंत्राबद्दलचं नसतंच. ऊसपट्ट्यात हे पोरासोरांना ठाऊक आहे. साखर कारखान्याचा काटा इलेक्ट्रॉनिक झाला, आकडे डिजिटल झाले, तरी काटामारीचा आरोप हंगामागून हंगाम होतोच. ट्रॉली बाहेरच्या काट्यावर तोलून मग आत न्यावी, असा आग्रह शेतकरी संघटना धरतात. काटा बिचारा लोखंडाचा. शेतकऱ्याचा अविश्वास आहे तो काट्यामागे बसलेल्यावर. तसंच कामगाराला रोबोबद्दल विचारलं की तो उत्तर देतो ते मालकाबद्दल, ठेकेदाराबद्दल, पुढच्या महिन्यातल्या हजेरीबद्दल. त्यामुळे अभ्यास करणाऱ्याने यंत्र आणि त्याचा धनी या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात. एकाच प्रकारचा रोबो दोन कारखान्यांत बघावा. एक असा, जिथे रोबो आल्यावर कोणाला कमी केलं नाही, आणि दुसरा जिथे केलं. वागण्यात फरक दिसला, तर तो रोबोच्या रंगाचा किंवा आवाजाचा नाही हे उघड होईल. अशी तुलना करायची तयारी किती मालकांची आहे, हा भाग वेगळा.

यातून संमतीचा मुद्दा निघतो, आणि त्यावर सगळे पटकन सही घेऊन मोकळे होतात. बिहार-ओडिशातून आलेला हेल्पर, ठेकेदारामार्फत लागलेला, मॅनेजरच्या केबिनमध्ये मराठी किंवा इंग्रजी कागदावर सही करतो, याला संमती म्हणत नाहीत. व्हिडिओ घेणार असाल तर तो मालकाला दाखवणार की नाही, हे त्याला त्याच्या भाषेत, मॅनेजर नसताना सांगायला हवं. तार गुंडाळणारा हात ओळखू आला आणि त्याची नोकरी गेली, तर पुढच्या दहा वर्षांत त्या एमआयडीसीत कोणताही संशोधक खरं काही पाहू शकणार नाही. नोंदी नावाशिवाय ठेवायच्या, चेहरे झाकायचे. तीच चित्रफीत दोघांनी एकमेकांना न विचारता तपासायची आणि दोघांच्या नोंदी किती जुळतात ते प्रसिद्ध करायचं. एकट्याने बघितलेलं म्हणजे मत, दोघांचं स्वतंत्रपणे जुळलेलं म्हणजे निरीक्षण. शिवाय बघणाऱ्याची कामगारांना आधी सवय होऊ द्यायची, नाही तर हॉथॉर्नच्या कारखान्याची गत. १९२४ पासून तिथे झालेल्या प्रयोगांत दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं आणि कमी केले तरी वाढलं, कारण आपल्याकडे कोणीतरी बघतंय हे कामगारांना ठाऊक होतं, अशी कथा पुस्तकांत रुळली. पुढे त्या आकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हा परिणाम सांगतात तितका ठळक नव्हता असंही निघालं. पण बघणाऱ्याची सवय होईपर्यंत थांबायचं, हा धडा त्यामुळे बाद होत नाही.

कोल्हापुरात माणसांची वानवा नाही. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमामुळे राज्यातल्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा झाल्या. रोबोकॉनसारख्या स्पर्धांना पोरं रात्रंदिवस राबतात. त्यांचे रोबो चेंडू फेकतात, रिंगा अडकवतात, दुसऱ्या रोबोला हरवतात. माणसाशी त्यांची गाठ पडते ती फक्त बक्षीस घेताना. इकडे १९६२ पासून उभ्या असलेल्या शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या मुलांना मुलाखत कशी घ्यायची, वस्तीत कसं बसायचं, न बोलता कसं बघायचं हे शिकवलं जातं. ही दोन प्रकारची पोरं एकाच फौंड्रीत एकत्र उभी राहिलेली दिसत नाहीत. अभियांत्रिकीवाल्याला वाटतं, लोकांचं काय, दोन दिवसांत सवय होते. समाजशास्त्रवाल्याला वाटतं, रोबो हा आपला विषयच नाही. दोघंही चुकतात, आणि त्यातही अभियांत्रिकीवाला जास्त, कारण अपघात झाला तर यंत्र त्याने बसवलेलं असतं.

येत्या जूनमध्ये अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे विषय ठरतील. कॉलेजांनी त्यातले निदान दोन विषय समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर जोडून द्यावेत आणि अहवालात फॉर्मच्या सरासरीऐवजी निरीक्षणाची वही मागावी. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांनी या पोरांना फेटलिंग शॉपमध्ये तीन महिने उभं राहू द्यावं, रात्रपाळीसह, आणि त्यांनी काय पाहिलं ते सुपरवायझरमार्फत न मागवता स्वतः वाचावं.